कांडीतलं तांबं

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. अकरा महिन्यांनी सहा ओळी, आणि त्यातल्या चार कांडीच्या मापाच्या. ताई कशी आहे, एवढं विचारायला शाई कमी पडली का? फोन लावते तर उचलत नाहीस. म्हणे, "फोनवर तू ओरडतेस, सांगायचं ते लिहून सांग." बरं बाई, लिहिते. चौथीत शाळा सोडली मी, अक्षराला हसायचं नाही.

कांडी ओतून देईन. करंगळीपेक्षा जराशी बारीक आणि बोटभर लांब, कळलं. "शुद्ध चांदी, दुसरं काही नको" हे तीनदा लिहिलंस. बाबा गेल्यापासून चोवीस वर्षं मी या भट्टीपुढे बसते. तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हा माझ्या हातावर भाजल्याचे डाग होते. शुद्ध म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.

पण कांडी घेऊन करणार काय, ते आधी सांग. दागिना नाही, भांडं नाही, नुसती कांडी. माझ्या हातचा माल कुठे जातो ते मला कळायला हवं. आणि समजेल असं लिही. साहेबाला लिहितेस तसं लिहिलंस तर कागद भट्टीत.

आईची खोली झाडून ठेवली आहे. तिचं चांदीचं कडं माझ्याकडे आहे. ते तुझं आहे.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

समजेल असं लिहिते.

कांडीवर लेझरचा ठोका मारायचा. ठोक्यासरशी चांदीचा कण वाफ होऊन उडतो. त्या वाफेवर थंड वायूचा झोत सोडला की सुटे झालेले अणू एकमेकांना धरतात. त्यांचे पुंजके होतात, कुठे तिनांचा, कुठे पाचांचा, कुठे विसांचा. हे सगळं हवा काढून घेतलेल्या पोलादी नळीत होतं, पुंजका कशालाही न टेकता उडत असतो. ज्यांच्यावर विजेचा भार असतो ते पुंजके वजनाप्रमाणे वेगळे करता येतात. मी त्यातलं एकच वजन निवडते आणि तेवढे पुंजके दुसऱ्या वायूच्या कणांवर आपटते. ते फुटतात. कितीशा धक्क्यानं फुटले आणि फुटून काय उरलं, यावरून अणूंनी एकमेकांना किती घट्ट धरलं होतं ते काढायचं. हेच माझं काम.

गंमत सांगते. पाच अणूंचा पुंजका फुटला की त्यातून दोघं जोडीनं सुटतात आणि तीन उरतात. सहांचा फुटला की एकच सुटतो, पाच उरतात. जे सुटून जातात त्यांच्यावर भार नसतो, म्हणून ते यंत्राला दिसतच नाहीत. उरलेल्यांच्या वजनावरून कोण गेलं ते ओळखावं लागतं.

यंत्र एकेका अणूचं वजन ओळखतं. म्हणून तीनदा शुद्ध लिहिलं.

कांडी आली की आमचे मिस्त्री ती लेथवर घासून मापात आणतील. तीस वर्षं आहेत इथे. या यंत्राचा एकेक स्क्रू त्यांच्या हातचा. तोंडानं फटकळ आहेत, तुझी आठवण येते.

कडं मला नको. दारातच सांगितलं होतं, त्या घरातलं मला काही नको. आई सहा आठवडे अंथरुणावर होती आणि तू मला एक ओळ कळवली नाहीस. मी पोचले तेव्हा तिची गादीसुद्धा गुंडाळून झाली होती. तो विषय आता काढू नकोस.

धाकटी

२७ फेब्रुवारी

धाकटे,

विषय काढू नको म्हणालीस, म्हणून आधी तोच काढते.

आईनं सांगितलं होतं, "तिची तोंडी परीक्षा आहे, ती होईपर्यंत कळवू नकोस." मी तिचं ऐकलं. जन्मात तिचं कधी ऐकलं नाही, तेवढं एक ऐकलं. तुझी परीक्षा मंगळवारी होती, आई रविवारी गेली. मी काय दिवस मोजून ठेवले होते का? मला वाटलं होतं बरी होईल. आता यावर तुला काय म्हणायचं ते म्हण.

कांडी पाठवली आहे. दोनदा ओतली. पहिल्यांदा साचा नीट तापला नव्हता, मधे सुरकुती पडली. दुसऱ्यांदा आरशासारखी उतरली. लोकरीच्या कापडात गुंडाळली आहे, ते कापड परत पाठव, चांगलं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकेका अणूचं वजन म्हणतेस, ते काही मला पटलं नाही. माझा काटा रतीपर्यंत जातो आणि तोसुद्धा वाऱ्यानं हलतो. असो, तुझं यंत्र असेल मोठं. पाचाचं मात्र पटलं. आपणही पाच होतो. बाबा आणि आजी एकाच वर्षात गेले, जोडीनं. उरलो तिघी. तिघींचं पुढे काय होतं ते तू लिहिलं नाहीस.

कडं आता माझ्याकडे नाही. त्याचं जे करायचं ते केलं. तुला नको होतं ना, मग झालं तर.

मिस्त्रींना म्हणावं कांडी जपून घासा.

ताई

३० मार्च

ताई,

कापड परत पाठवते आहे.

पहिले दोन दिवस छान गेले. मग वजनांचा आलेख नीट बघितला. चांदीच्या प्रत्येक उंच शिखराच्या शेजारी एक छोटं शिखर होतं. नेमकं एवढं हलकं, की पुंजक्यातला चांदीचा एक अणू काढून तिथे तांब्याचा बसवला तर जेवढं होईल तेवढं. म्हणजे कांडीत तांबं आहे. पाच अणूंत एक परका असला की तो पुंजका वेगळ्याच जोरानं फुटतो. सात दिवसांची मोजणी वाया गेली, आणि परिषदेत वाचायचा निबंध मागे घेतला.

कांडी घासायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी त्याच लेथवर तांब्याच्या चकत्या कापल्या होत्या, नळीच्या जोडांत घालायच्या. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, हत्यार पुसलं नाही, मळ लागला. मिस्त्री म्हणाले, "हत्यार मी स्पिरिटनं धुतो, तीस वर्षं धुतो. कांडीच तशी आहे. शुद्ध चांदी हत्याराला लोण्यासारखी चिकटते. ही खुटखुटीत निघाली, साल सुटसुटीत पडली."

मी चिडले ताई. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या बहिणीच्या हातची चांदी आहे. ती माणसांशी कशीही वागेल, चांदीशी खोटं वागणार नाही." सरांना तसं लिहून दिलं. मिस्त्री म्हणाले, "बहिणीवर एवढा विश्वास आहे हे चांगलं आहे." मला ते टोचलं. आपण वर्षभर बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

मिस्त्रींनी चूक केली आणि वर दुसऱ्यावर ढकलली, असं सरांचं मत झालं आहे. वीस एप्रिलला चौकशी. त्यात दोष त्यांच्यावर आला तर त्यांना काढतील. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे.

तुझ्याकडून एक ओळ हवी, तुझ्या सहीची. कांडीत चांदीशिवाय काही घातलं नव्हतं. वीस तारखेच्या आत पोचव.

धाकटी

१२ एप्रिल

धाकटे,

पत्र उशिरा लिहिते, हाताला भाजलं होतं. उजव्याच. खोकलाही आहे, कोळसा ओला आला होता, धूर फार झाला.

पुढच्या गल्लीतलं पिठाचं दुकान बंद झालं. खिडकीचं दार निखळलं होतं, बसवून घेतलं. तुझी शाळेची पेटी माळ्यावर सापडली, आत एक तुटकी कंपासपेटी आणि बेडकाचं चित्र आहे. ठेवू की टाकू?

ती ओळ लिहिते सवडीनं. हात दुखतो. तोवर तुझे मिस्त्री काय म्हणतात तेही जरा ऐकून घ्या की. इतकी वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला धातू कळत असेल.

ताई

२४ एप्रिल

ताई,

तुझी ओळ आली नाही. तिची गरजही पडली नाही, माझं लिहून दिलेलं पुरलं.

मिस्त्रींना काढलं. चौकशी वीस मिनिटं चालली. त्यांनी तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं, एक शब्द इकडे तिकडे नाही. सरांनी विचारलं, "मग ती बाई खोटं बोलते का?" ते म्हणाले, "बाई बोललेलीच नाही. तिची बहीण बोलते आहे."

दुपारी त्यांनी आपली हत्यारं पुसून पुसून पिशवीत भरली. कुणी मदतीला गेलं नाही, मीही गेले नाही. जाताना माझ्या टेबलावर पत्र्याची डबी ठेवली. म्हणाले, "तुमच्या कांडीचा कीस आहे. चांदीचा कीस मी फेकत नाही." मी मान वर केली नाही.

डबी अजून उघडली नाही.

पेटी टाक. बेडूक ठेव.

धाकटी

२९ एप्रिल

धाकटे,

बसून वाच.

कांडीत आईचं कडं आहे.

अर्धी बाजारची शुद्ध चांदी आणि अर्धं आईचं कडं. जायच्या आदल्या दिवशी तिनं ते हातातून काढलं, साबण लावून निघालं, आणि म्हणाली, "हे धाकटीला." तू दारातून म्हणालीस, काही नको. मग तू कांडी मागितलीस. मी म्हटलं, कडं हातात घ्यायचं नाही ना, नको घेऊस. न कळता घेशील. आईनं सांगितलेलं माझ्याकडून होईल आणि तुझा हट्टही राहील. करवतीनं कापून तुकडे केले आणि मुशीत टाकले.

कड्यात तांबं होतं, शंभराला आठ. असतंच, नाहीतर रोज घातलेलं कडं वाकून गेलं असतं. ते काढता आलं असतं मला. तेजाबात घालून चांदी वेगळी करायला एक दिवस लागतो. बाटली काढून ठेवलीही होती. पण मग ते आईचं कडं राहिलं नसतं, नुसती चांदी झाली असती. नुसती चांदी तर बाजारातही मिळते.

वाटलं, इतकंसं तांबं, कोणाला दिसतंय. डोळ्याला दिसलं नाही, कसाच्या दगडावर घासलं तरी धड दिसलं नाही. तुझं यंत्र एकेक अणू ओळखतं हे तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं. वाचलं, पण खरं मानलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला माझ्यापेक्षा बारीक दिसतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

तुझं मार्चातलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. हाताला भाजलंबिजलं काही नव्हतं. तुला खोटी ओळ द्यायला हात धजेना आणि खरी लिहायला तोंड नव्हतं. म्हणून पिठाच्या दुकानाचं लिहिलं. लाज वाटते.

मला वाटलं, चौकशीत त्या माणसाचं कोणीतरी ऐकेल. मी नाही बोलले तरी निभावेल, असं वाटलं. आईच्या वेळीही मला असंच वाटलं होतं.

सोबत वेगळा कागद आहे, तुझ्या साहेबासाठी. त्यात सगळं लिहून सही केली आहे. तो आजच्या आज दे. आणि मिस्त्रींचा पत्ता कळव.

ताई

१४ मे

ताई,

तुझा कागद सरांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मिस्त्रींना पत्र गेलं आहे, परत या म्हणून, चुकीबद्दल माफीसकट. पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे.

मी तुझ्यावर तीन दिवस चिडले. चौथ्या दिवशी डबी उघडली.

आता माझं ऐक. लेथवरचा मळ असता तर तो कांडीच्या वर वर असता. लेझर रोज कांडीचा थर जाळत जातो. दोन दिवसांत मळ जळून ती छोटी शिखरं नाहीशी व्हायला हवी होती. सात दिवस गेले, शिखरं तशीच, रेसभरही कमी नाहीत. म्हणजे तांबं आतपर्यंत होतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. मला कळलं नाही असं नाही ताई. मी तो विचार मनात येऊ दिला नाही. तू आईचं मला कळवलं नाहीस, एवढं एक मी धरून बसले होते. पण चांदीच्या बाबतीत तरी तू खरी आहेस, हे मला हवं होतं. नाहीतर आपल्यात उरलं काय? त्यासाठी मी एका माणसाची नोकरी घालवली. कीस तपासायला अर्धा तास पुरला असता. त्यांनी तो मला त्यासाठीच दिला होता की नाही, कोण जाणे.

आलेख अजून भिंतीवर आहे. त्या छोट्या शिखरांखाली मी पेन्सिलीनं लिहिलं होतं: मळ.

आई सात दिवस माझ्या यंत्रात होती. मी तिच्याखाली मळ लिहिलं.

कांडी आता अर्धी उरली आहे, ती मी ठेवते. कीस तुला पाठवते. तो तुझ्याकडे असावा असं वाटलं.

धाकटी

२ जून

धाकटे,

मिस्त्रींकडे जाऊन आले. दोन बसा बदलल्या. घर गावाबाहेर, टाकीच्या मागे. ओट्यावर बसून कोणाचा तरी पंप उघडून बसले होते. मी म्हटलं, "मी कांडीवाली." त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि माझे हात बघितले, तोंड नाही.

"माफी मागायला आलात की चहा प्यायला?"

"माफी मागायला."

"मग बसा, चहा नंतर."

मी मागितली. वाक्य पाठ करून गेले होते, अर्ध्यात विसरले. त्यांनी सुचवलंही नाही. मग म्हणाले, "कांडी ओतली होती सुंदर. आत एक फुगा नाही. म्हणून तर जास्त लागलं. इतका चांगला हात आणि खोटं का, हेच कळेना." 

मी आईचं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, हे तुम्ही एप्रिलच्या दहा तारखेला सांगितलं असतं तर माझ्या उपयोगाचं होतं. आता सांगता ते तुमच्या उपयोगाचं."

धाकटे, माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, तुला माहीत आहे. मी खालचा पान्हा उचलून त्यांच्या हातात दिला.

साहेबाचं पत्र आलं आहे त्यांना. जाणार नाहीत. मी म्हटलं, आता तर सगळ्यांना कळलंय तुमची चूक नव्हती. म्हणाले, "तीस वर्षं मी माप सांगितलं की कोणी पुन्हा मोजून बघत नव्हतं. आता मोजतील. माझ्यामागे, हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून. ते नको." तुझं नाव काढलं नाही. मी काढलं तर म्हणाले, "हुशार आहे पोर. नळीच्या डाव्या जोडाला दर महिन्याला चकती बदलायला सांगा, तिथून हवा शिरते." चहा दिला. साखर फार होती. तो पंप मी धरला, त्यांनी कसला.

येताना बसमधे मी पूर्ण वाट रडले. शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

तुझी डबी मिळाली. कीस वितळवायला मूस तापवली होती, मग विस्तव मागे ओढला. वितळवून पुन्हा कांडीच होणार, कडं काही होणार नाही. डबी आईच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे. झाकणावर मिस्त्रींचं नाव लिहिलं आहे, माझ्या अक्षरात, वाकडं आहे.

भिंतीवरचा कागद काढू नकोस. तो शब्द तेवढा खोड. त्याच्या जागी काय लिहायचं ते मला विचारू नकोस, शिकलेली तू आहेस. आणि चकती बदल.

आता एक कळवायचं आहे. एप्रिलमधे खोकला लिहिला होता, तो बहाणा नव्हता, तेवढं एक खरं होतं. तो गेलेला नाही. डॉक्टरनं छातीचं चित्र काढलं, डाव्या बाजूला काहीतरी आहे म्हणतो, सोमवारी पुन्हा बोलावलं आहे. मला स्वतःला वाटतं धुराचं असेल. तुझी परीक्षा असो, परिषद असो, यंत्र चालू असो, मला माहीत नाही आणि मी विचारत नाही.

कळवलं.

ताई